विषय: गुडघ्याचं ऑपरेशन आणि डॉक्टरांची भागीदारी

नमस्कार मंडळी,
डावा गुडघा बदलायचं ठरतंय. ह्यूस्टनचे सर्जन भले गृहस्थ, पण परवा सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद निघाला: या हॉस्पिटलात डॉक्टरांची स्वतःची भागीदारी आहे, हे मला कळवलं आहे, सही करा. यात कळवायचं काय? आमच्या साताऱ्यात खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड. मुलगा मात्र म्हणतो, "बाबा, इथे हे कायद्याने बंद आहे." खरं काय?
— अण्णा

---

अण्णा,
मुलगा अर्धा बरोबर. २०१० च्या ओबामाकेअर या आरोग्य कायद्याने डॉक्टरांच्या मालकीच्या नव्या हॉस्पिटलांना मेडिकेअरचं (म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं) दार लावून घेतलं. त्या वर्षअखेरपर्यंत मेडिकेअरशी करार झालेली जुनी टिकली, पण खाटा वाढवणं अवघड झालं. तुमचा कागद त्याच कायद्यातला.

त्याआधीच्या स्टार्क कायद्याप्रमाणे डॉक्टरने आपला पैसा गुंतलेल्या लॅबकडे मेडिकेअरचा पेशंट पाठवायचा नाही. पण अख्ख्या हॉस्पिटलात हिस्सा असला तर चालायचं, ही त्यातली फट; तीच २०१० मध्ये नव्या हॉस्पिटलांसाठी बुजवली. आपले सर्जन-लेखक अतुल गावंडे (वडील यवतमाळकडचे) यांनी २००९ मध्ये टेक्सासच्या मॅकॅलनवर लिहिलं होतं. तिथे मेडिकेअरचा खर्च तेव्हा माणशी वर्षाला सुमारे १५,००० डॉलर, टेक्सासच्याच एल पासो शहराच्या दुप्पट. जवळच डॉक्टरांच्याच मालकीचं मोठं हॉस्पिटल. पण सगळं खापर त्यांनी त्याच्यावर फोडलं नव्हतं; गावातल्या डॉक्टरांना जास्त तपासण्या, जास्त ऑपरेशनं यांची सवयच जडली होती.

उलट २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात अशी हॉस्पिटलं आणि बाकीची खर्चात, दर्जात साधारण सारखीच निघाली. ही बंदी राहावी म्हणून मोठ्या हॉस्पिटलांची संघटना जोर लावते, तीही काही धर्मादाय म्हणून नव्हे.

मी तीस वर्षं नर्स होते. मला मालकापेक्षा रात्रीची ड्यूटी महत्त्वाची वाटते. सरकारी तपासनिसांनी डॉक्टरांच्या मालकीची १०९ स्पेशालिटी हॉस्पिटलं (ठरावीक ऑपरेशनांपुरती) पाहून २००८ मध्ये अहवाल दिला. चोवीस तास डॉक्टर हजर असलेली एक तृतीयांशसुद्धा नव्हती. पेशंट बिघडला की ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावायचा, असं साधारण तीनातल्या दोन ठिकाणी. हॉस्पिटलातून ९११, कळलं ना? तुम्हाला स्टेंट आहे. रात्री दोनला छातीत दुखलं तर कोण येणार, हे सहीआधी विचारा. लाजू नका.
— माई

---

माई,
विचारलं. रात्री नर्स असते, डॉक्टर फोनवर. जास्त झालं तर अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात, वीस मिनिटं. मी म्हटलं, मग तिथेच करू या की! सर्जन शांतपणे म्हणाले, "हो, मंगळवारी मी तिथेच असतो."

तारीख पडली. गणपतीत आरतीला खुर्ची लागेल, एवढं सांगून ठेवतो. हे मंगळवारचं आधी का सांगितलं नाही, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.
— अण्णा