साडीच्या दुकानात नवीन मुलांना गिऱ्हाइकाशी बोलायला कसं शिकवावं?

कराडचा_कापडवाला:

कराडला साडी आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. गादीवर तीन आणि काउंटरला एक अशी चार मुलं नवीन घेतली आहेत, वयं 19 ते 23. घडी नीट घालतात, भाव पाठ आहेत, कामाला नाही म्हणत नाहीत. अडतंय ते बोलण्यात. कोणी आलं की "काय पाहिजे?" एवढंच. पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांना सरसकट "काकू", आणि त्यावर दोघीतिघींचे चेहरे पडलेले स्पष्ट दिसले. एकजण "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" असं मॉलसारखं बोलतो, तर खेड्यावरून आलेल्या बायका बुजतात. तुळशीचं लग्न झालं की बस्ते सुरू होतील. त्याआधी यांना काय आणि कसं शिकवावं? नेमकं सांगा.

पदर_काठ:

आधी हाक मारायची सक्ती काढून टाका. मराठीत आदर क्रियापदातच येतो. "या, बसा. काय दाखवू?" यात ताई नाही, काकू नाही, मॅडम नाही, तरी काही उणं राहत नाही. वयाचा अंदाज येईपर्यंत नव्या मुलाने नातं जोडूच नये. लक्ष वेधायचं असेल तर "अहो, हा काठ बघा" पुरतं.

"काय पाहिजे?" बंद करा. त्यात मागायचं काम गिऱ्हाइकावर पडतं, आणि साडी घ्यायला आलेल्या बऱ्याच जणींचं काय घ्यायचं ते ठरलेलंच नसतं. "काय दाखवू?" म्हटलं की आपण पुढे झालो. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात "बोला" चालून जातं, कारण तिथे माणूस यादी घेऊन आलेला असतो. गादीवर तेच "बोला" तुटक लागतं.

पायरी चढली की मान वर आणि "या". हातात दुसरं गिऱ्हाईक असलं तरी "या, बसा, आलोच" म्हणायला वेळ लागत नाही. हे न म्हटल्यामुळे जेवढी माणसं दारातून परत जातात, तेवढी भावावरून जात नाहीत. मग पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत प्रश्न नको.

पहिला प्रश्न "रोजच्या वापराची की कार्यासाठी?" बजेट चारचौघांत विचारायचं नाही, विशेषतः सासू-सून किंवा विहिणी एकत्र आल्या असतील तेव्हा. त्याऐवजी मधल्या भावाची एक, खालची एक, वरची एक अशा तीन घड्या समोर ठेवा आणि तिन्हींचे भाव एकाच आवाजात सांगा. हात कुठे थांबतो ते दिसतं, पुढचा माल त्याच थप्पीतून काढायचा. भाव विचारला तर आकडा सांगून गप्प बसायचं. "ती महागातली आहे हं" हे वाक्य गादीवर कोणाच्याही तोंडून येता कामा नये. मुलाला वाटतं आपण सावध केलं, समोरच्या बाईला ऐकू येतं की तुम्हाला परवडणार नाही.

साडी उघडणं हेसुद्धा बोलणंच आहे. घडी फेकायची नाही. पदर गिऱ्हाइकाच्या बाजूला येईल अशी डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत टाकायची, काठ वर ठेवायचा, उजव्या हाताने पदर पसरायचा, मग दोन क्षण थांबायचं. थांबल्याशिवाय "दुसरी दाखवू?" म्हटलं की घाई केल्यासारखं होतं. आणि उघडलेल्या साडीची घडी त्यांच्यासमोर घालायला घेऊ नका. ते उठा म्हणण्यासारखंच आहे. ढीग झाला तर मागच्या बाजूने दुसऱ्या मुलाने उचलावा.

नसलेल्या मालाला नुसतं "नाही" म्हणू नये. "तो रंग संपलाय, याच पोतात मोरपंखी आहे, टाकू?" असं म्हणावं. पण नसेल तर खोटं "उद्या येईल" सांगू नका. वीस किलोमीटरवरून एसटीने परत आलेली बाई तिसऱ्यांदा येत नाही.

मुक्काम_सांगली:

वरचं सगळं पटलं, पण हाक पूर्ण काढू नका. पुण्यात चालेल. कराड-सांगलीकडे नुसतं "या, बसा" कोरडं वाटतं, खेड्यावरच्या माणसाला तर परकं. थोडक्या हाका ठरवून द्या.

बायकांसाठी "ताई". कॉलेजच्या मुलीपासून साठीच्या बाईपर्यंत ही हाक कोणाला लागत नाही. पुरुषांसाठी "दादा", पन्नाशीच्या पुढे "काका". धोतर-फेट्यातल्या म्हाताऱ्या माणसाला "आबा". "वहिनी" फक्त ओळखीच्या घरातल्यांना. "काकू" तेव्हाच, जेव्हा सोबत त्यांचा मोठा मुलगा किंवा मुलगी आहे आणि आपला मुलगा त्याच वयाचा आहे. "आजी" तर सोबतचं नातवंड आजी म्हणताना ऐकल्याशिवाय नाहीच. "मावशी" तुमच्याकडे मायेनं घेतली जाते, पण यात्रेला गावी आलेल्या मुंबई-पुण्याच्या बाईला ती घरकामाच्या बाईला मारलेली हाक वाटू शकते. "बाई" ही हाकही याच कारणाने टाळा. नोकरदार बायका स्वतःहून शहरी बोलत असतील तर "मॅडम" चालेल, पण मग क्रियापद सांभाळा. "मॅडम, हे घे" असं बोलणारी मुलं असतात.

त्यावरून: अकरावी-बारावीच्या मुलींशी बोलताना मुलं चटकन "तू"वर येतात. वयं जवळ असल्यामुळे तर जास्तच. शाळेच्या गणवेशातलं मूल सोडून सगळ्यांना "तुम्ही", हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. "आपण"ची गरज नाही, ते पत्रिकेत शोभतं.

विदर्भातलं गिऱ्हाईक आलं आणि "भाऊ" म्हणालं तर उत्तरातही "भाऊ" येऊ द्या. समोरचा ज्या हाकेने बोलतो तिचा मान राखला की निम्मं काम होतं. त्याच्या बोलीची नक्कल मात्र करू नये.

बस्त्याचा_हिशेब:

बस्त्याचं वेगळं शिकवा, तिथे दहा-पंधरा माणसं एकदम येतात आणि एक चुकीचा शब्द दोन्ही घरांत जातो.

माणसं बसली, चहा सांगितला, की एकाच अनुभवी माणसाने बोलायचं. पहिला प्रश्न: "नवरीकडचे कोण, नवऱ्याकडचे कोण?" हा सरळ विचारला तर कोणी वाईट मानत नाही. अंदाजाने नवऱ्याच्या आईला नवरीची आई समजून बोललात तर मानतात. मग यादी: शालू, अष्टपुत्री (नवरीची पिवळी साडी), विहीणबाईंची, करवलीची, मानाच्या, आहेराच्या. आहेराच्या साड्यांचा भाव मोठ्याने बोलू नका. ज्यांना त्या द्यायच्या आहेत त्यातल्याच काहीजणी समोर बसलेल्या असतात. चिठ्ठीवर आकडा लिहून यादी धरणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

शालू दाखवताना आधी नवरीकडे बघून बोला, मग तिच्या सासूकडे. पैसे देणाऱ्या पुरुषाशीच बोलत राहायची सवय बऱ्याच मुलांना असते आणि नवरी गप्प होते. तिला उभं करून आरशासमोर पदर खांद्यावर टाकायचा तर तो मुलाने टाकू नये. पदर तिच्या बहिणीच्या किंवा आईच्या हातात द्यावा, किंवा दुकानातल्या मुलीने टाकावा.

काळी साडी लग्नाच्या थप्पीत चुकूनही नको. तीच काळी चंद्रकळा संक्रांतीला मागून नेतील, पण शालवांच्या मध्ये निघाली तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. नऊवारी मागितली तर लांबी स्वतःहून सांगा. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर असते. सहावारी साडेपाच मीटर आणि वर ब्लाउज पीस 80 सेंटिमीटर. हे न विचारता सांगणं हा अदबीचाच भाग आहे, कारण घरी गेल्यावर ब्लाउज पीस नाही असं कळलं तर भांडण तुमच्याशीच होणार.

हळद-कुंकवाची वाटी गल्ल्यापाशी तयार ठेवा. बस्ता बांधताना घरातली बाई कुंकू मागतेच. तेव्हा शोधाशोध नको.

उभ्याचं_काम:

भाषेइतकाच पायांचाही विचार करा. सात-आठ तास उभ्या असलेल्या मुलाचा संध्याकाळी सहाचा आवाज सकाळच्या अकराचा राहत नाही. केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देण्याची तरतूद कायद्यात केली, ती उगाच नाही. काउंटरमागे दोन स्टुलं ठेवा आणि गिऱ्हाईक नसताना बसायची उघड परवानगी द्या. जेवणाची वेळ पाळीने आणि पक्की ठेवा. भुकेल्या माणसाकडून गोड बोलायची अपेक्षा चूक आहे. आणि मालकाने गिऱ्हाइकासमोर मुलाला "ए, ते काढ" म्हणू नये. मुलं पाठ केलेली वाक्यं विसरतात, मालकाचा सूर उचलतात.

कराडचा_कापडवाला:

स्टुलं उद्याच आणतो. दोन प्रश्न उरले. सकाळी पहिलं गिऱ्हाईक न घेता उठलं की आमची मुलं "भवानी तरी करून जा" म्हणतात. हे चालतं का? आणि सराव कसा घ्यायचा?

पदर_काठ:

नाही चालत. भवानीची श्रद्धा आपली आहे, तिचं ओझं गिऱ्हाइकावर टाकू नये. दोन-चारदा ऐकलं की लोक अकराच्या आधी यायचंच टाळतात. पहिली विक्री झाली की नोट कपाळाला लावा, खुशाल लावा. न घेता उठले तर "बरं, या परत. ही बाजूला ठेवू का संध्याकाळपर्यंत?" एवढंच. "एवढ्या उघडल्या हो" हे तोंडावर आणायचं नाही, आणि त्या पायरी उतरेपर्यंत आपसात कुजबूजही नाही.

सराव रोज सकाळी दुकान उघडल्यावर दहा मिनिटं. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने दाखवायचं, बाकीच्यांनी फक्त तीन गोष्टी बघायच्या: "या" कधी म्हटलं, क्रियापद "तुम्ही"चं राहिलं का, भाव सांगून थांबला का. एका दिवशी एकच प्रसंग घ्या. सोमवारी नुसतं स्वागत, मंगळवारी भाव, बुधवारी घासाघीस, गुरुवारी न घेता उठणं, शुक्रवारी बदलून मागायला आलेली साडी. शेवटचा प्रसंग दोनदा घ्या, कारण तिथे आवाज चढतो. आधी "दाखवा बरं" म्हणून साडी हातात घ्यायची, डाग किंवा सुटलेला धागा उजेडात बघायचा, मगच बोलायचं. बिल आधी मागितलं की समोरचं माणूस भांडायच्या तयारीत येतं.

काउंटरच्या मुलाला वेगळं सांगा: सुटे पैसे मोजून हातात द्यायचे, काचेवर टाकायचे नाहीत. मोबाइलवरून पैसे आले की "मिळाले" असं तोंडाने म्हणायचं. यंत्र बोललं तरी म्हणायचं, नाहीतर माणूस स्क्रीन पुढे धरून तसाच उभा राहतो. पिशवीचे बंद गिऱ्हाइकाकडे करून द्यायची. त्या "येते हं" म्हणाल्या की उत्तर "या".