आईच्या सायटिकासाठी एपिड्युरल (मणक्यात नसेजवळ द्यायचं) स्टेरॉइड इंजेक्शन सुचवलंय, मधुमेह असताना घ्यावं का?

मंडळी, आईसाठी सल्ला हवाय. वय ६१, मधुमेह जुना, गोळ्या चालू. दोनेक महिन्यांपासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. एमआरआयमध्ये कमरेच्या एल ४-एल ५ मणक्यांमधली गादी सरकून नस दबलीय असं आलंय. कंबर फारशी दुखत नाही, त्रास सगळा पायात. प्रीगॅबालिनने (नसेच्या दुखण्यावरचं औषध) गुंगी येते, कळ तेवढीच राहते. रात्रभर झोप नाही, त्यामुळे फिजिओने दिलेले व्यायामही होत नाहीत.

पावलात ताकद आहे, लघवीची तक्रार नाही, म्हणून ऑपरेशनची घाई नको, आधी सी-आर्मखाली (एक्स-रे मशीनवर बघत) नसेजवळ इंजेक्शन देऊ, असं डॉक्टर म्हणतात. नातेवाईकांचं नेहमीचंच, "मणक्यात सुई टोचली की पाय गेले समजा." त्याकडे मी लक्ष देत नाही. पण एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१ आहे, त्याची धास्ती वाटते. स्टेरॉइडने साखर किती दिवस चढी राहते? आणि गादी आपोआप आक्रसते म्हणतात, मग थांबूनच बघावं का?

प्रतिसाद १
इंजेक्शनने गादी जागेवर जात नाही. नसेभोवतीची सूज उतरते आणि मधल्या काळात शरीर आपलं काम करतं. थांबणंही चूक नाही, बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आपसूक उतार पडतो. पण झोप आणि व्यायाम दोन्ही अडले असतील तर मी घेण्याच्या बाजूने. नुसत्या कंबरदुखीपेक्षा पायात उतरणाऱ्या कळेला याचा उपयोग जास्त. आईंना एक आधीच सांगून ठेवा: सोबत भुलीचं औषध असतं, त्यामुळे पहिले काही तास पाय हलका वाटतो आणि मग कळ परत येते. तेव्हा वाया गेलं असं समजू नका. स्टेरॉइडचा गुण यायला दोन दिवस ते आठवडा लागतो. टिकतो काही आठवडे ते काही महिने. काहींना अजिबात येत नाही, हेही खरं.

प्रतिसाद २
साखर पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त चढते, बहुधा आठवड्याभरात खाली येते. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवा, गोळ्यांचा डोस तेच ठरवतील. घरी ग्लुकोमीटर हवाच. कोणतं स्टेरॉइड देणार तेही विचारा. ट्रायमसिनोलोनमध्ये बारीक कण असतात, ते चुकून धमनीत गेले तर रक्तपुरवठा अडू शकतो. डेक्सामेथासोनमध्ये ते नसतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१४ मध्ये पक्षाघात, दृष्टी जाणे अशा दुर्मीळ पण गंभीर धोक्यांचा इशारा दिला होता. म्हणूनच आधी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून सुई नेमकी कुठे आहे ते बघतात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

धागाकर्ता
हो, क्लोपिडोग्रेल. स्टेंट आहे. फॉर्मवर लिहिलंय, पण ती बंद करायची का, यावर कोणी काही बोललं नाही.

प्रतिसाद २
मग तारीख पक्की करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचाराच. साधारण ७ दिवस आधी थांबवतात, पण त्यांनी हो म्हटलं तरच, मनाने नाही. स्टेंट नवा असेल तर इंजेक्शन पुढे ढकलावं लागतं. दरम्यान पाऊल लोंबायला लागलं, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठा.