अटलांटिसची कथा सृष्टिउत्पत्तीची कथा म्हणून वाचता येईल का?

करवीरवासी

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या छोट्या वाचन मंडळात सध्या प्राचीन ग्रीक कथांचे वाचन चालू आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची काशाची लहान मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहे. या सागरदेवाच्या कथा धुंडाळता धुंडाळता आम्ही साहजिकच समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाच्या कथेपाशी येऊन पोहोचलो, कारण ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या सांगण्याप्रमाणे त्या बेटाचे पहिले राजे पोसायडनचेच पुत्र होते.

मागच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एका सदस्यांचे म्हणणे असे, की अटलांटिस नकाशावर शोधणे हाच मुळात चुकीचा उद्योग आहे. ती सृष्टिउत्पत्तीची कथा आहे आणि हेसिअड या कवीच्या ‘थिऑगनी’ या देवांच्या उत्पत्तीच्या काव्याशेजारी ठेवूनच ती वाचली पाहिजे. मातीतून जन्मलेला पहिला माणूस, देव आणि मानवकन्या यांचा संबंध, त्यातून निघालेली दहा राजघराणी, देवाने केलेली पाणी आणि जमीन यांची आखणी, ही सगळी त्यांना उत्पत्तिकथेची लक्षणे वाटतात. दुसऱ्या बाजूचा आक्षेप साधा आहे: उत्पत्तिकथा शून्यातून किंवा गोंधळातून सुरू होते आणि काहीतरी उभे करून थांबते; अटलांटिसची कथा मात्र बुडण्याकडे जाते. आपल्याकडे करवीर क्षेत्राची आख्यायिका आहे, की महाप्रलयाच्या पाण्यातून महालक्ष्मीने हे क्षेत्र आपल्या गदेने वर उचलले. तिला उत्पत्तिकथा म्हणताना कोणी अडखळत नाही. मग बुडालेल्या भूमीच्या कथेलाही तेच म्हणता येईल का, आणि मूळ ग्रंथात त्याला काही आधार आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पुढच्या बैठकीत विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

जुनी_पोथी

आपल्या पहिल्या सदस्यांची बाजू मूळ ग्रंथात निम्मी तरी टिकते, असे माझे मत आहे. मात्र त्यांनी दाखवलेल्या लक्षणांपेक्षा ही कथा कोठे ठेवली आहे, हा मला अधिक भक्कम पुरावा वाटतो.

अटलांटिसचा वृत्तान्त प्लेटोच्या दोनच संवादांत येतो, ‘टायमियस’ आणि ‘क्रिटियास’, दोन्ही इ.स.पू. ३६० च्या सुमाराचे मानले जातात. ‘टायमियस’च्या आरंभी क्रिटियास हा वक्ता ही कथा थोडक्यात सांगतो. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन इजिप्तमधील सैस नगरीत गेला असता तेथील एका वृद्ध पुरोहिताने त्याला ऐकवले, की तुम्ही ग्रीक लोक कायमचे बालकच राहिलात. नऊ हजार वर्षांपूर्वी हेराक्लिसच्या स्तंभांपलीकडून (म्हणजे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडून) चालून आलेल्या सत्तेला तुमच्याच अथेन्सने परतवून लावले होते, आणि पुढे भयंकर भूकंप व पूर होऊन एका दिवस-रात्रीत तुमचे योद्धे जमिनीने गिळले आणि अटलांटिस समुद्रात नाहीसे झाले, याचा तुम्हाला पत्ताही नाही. एवढे सांगून क्रिटियास थांबतो आणि वक्त्यांमध्ये कामाची वाटणी ठरते: विश्वाच्या जन्मापासून माणसाच्या घडणीपर्यंत टायमियसने सांगायचे, आणि तेथून माणसे हाती घेऊन क्रिटियासने युद्धाची सविस्तर कथा सांगायची. म्हणजे दिव्य कारागीर अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी यांना प्रमाणात बसवून विश्व कसे घडवतो, या वर्णनाच्या अलीकडेही अटलांटिस आहे आणि पलीकडेही. ही रचना सहज झालेली नाही.

आता आक्षेपाकडे वळतो. तोच पुरोहित सांगतो, की मानवजातीचे नाश अनेकदा झाले आहेत आणि पुढेही होतील, व त्यांतील मोठे नाश अग्नीने आणि पाण्याने होतात. फेथॉनने सूर्याचा रथ भरकटवून पृथ्वी जाळली ही ग्रीकांची कथा तो आकाशस्थ गोल मार्ग बदलल्यामुळे झालेल्या दाहाची पुसट आठवण मानतो. पूर आला की डोंगरावरचे धनगर आणि गुराखी तेवढे वाचतात, सखल भागातील नगरे वाहून जातात, आणि अक्षरओळख नसलेल्या उरल्यासुरल्या माणसांपासून सगळे पुन्हा सुरू होते. (२०१९ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांना यातला भूगोल निराळा समजावून सांगायला नको.) हे वाचताना आपल्याला मन्वंतरे आणि प्रलय आठवणे स्वाभाविक आहे, पण फरकही मोठा आहे. ‘टायमियस’मधले विश्व बुडत नाही. त्याच्या कर्त्याच्या इच्छेवाचून ते मोडू शकत नाही, आणि उत्तम घडवलेली वस्तू मोडण्याची इच्छा दुष्टालाच होईल, असे तो कर्ता स्वतः म्हणतो. बुडतात ती माणसांची राज्ये आणि त्यांची स्मृती. म्हणून माझ्या मते अटलांटिस ही उत्पत्तिकथेला जोडलेली पुरवणी आहे: विश्वाची घडण इतकी चांगली असताना त्यातील राज्ये का नासतात, हे सांगण्यासाठी लिहिलेली.

शिरोली_लेथ

जुनी_पोथी सरांनी निम्मी बाजू मान्य केली आहे. मी पाऊण करीन. माझे आयुष्य शिरोलीच्या एमआयडीसीत यंत्रकामात गेले, त्यामुळे ‘क्रिटियास’ भाषांतरात वाचताना एका जागी मी चांगलाच थबकलो.

समुद्रापासून पन्नास स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) आत, मैदानाच्या मधोमध एक बुटकी टेकडी आहे. तेथे मातीतून जन्मलेला एव्हेनॉर, त्याची पत्नी ल्युसिपी आणि एकुलती मुलगी क्लेइटो राहतात. आईवडील वारल्यावर पोसायडन क्लेइटोला वरतो आणि तिच्या रक्षणासाठी टेकडीभोवती कडी आखतो, दोन जमिनीची आणि तीन पाण्याची, प्रत्येक कडे मध्यापासून सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर. हे काम त्याने जणू लेथवर (फिरत्या कातयंत्रावर) कातल्यासारखे केले, असे प्लेटो लिहितो. त्यानंतर तो जमिनीतून दोन झरे काढतो, एक गरम आणि एक थंड, आणि हर तऱ्हेचे धान्य उगवेल अशी व्यवस्था करतो. पुढे जुळ्या मुलांच्या पाच जोड्या होतात व थोरला ॲटलस राजा होतो.

लेथवर बसणाऱ्याला ठाऊक असते, की आधी सेंटर पकडावे लागते. जॉब (कातायचा तुकडा) सेंटरला बसला नाही तर तो आऊट फिरतो आणि टूल कितीही धारदार असले तरी गोलाई येत नाही. आता ‘टायमियस’ काढून पाहा. तेथला दिव्य कारागीर विश्वाचा गोल करतो तोही कातूनच, मध्यापासून टोकापर्यंत सगळीकडे सारखे अंतर ठेवून. एकाच लेखकाने लागोपाठच्या दोन संवादांत दोन देवांना हेच काम सांगावे, याला मी योगायोग मानणार नाही. पोसायडनचे बेट ही त्याच्या हिश्शाला आलेली छोटी सृष्टी आहे.

पुढचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. देवाने कडी आखली तेव्हा जहाजे आणि नौकानयन अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे टेकडीपर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. राजांनी पहिले काम काय केले, तर पाण्याच्या कड्यांवर पूल टाकले. मग समुद्रापासून सर्वांत बाहेरच्या कड्यापर्यंत पन्नास स्टेडिया लांब, तीनशे फूट रुंद आणि शंभर फूट खोल कालवा खणला, आणि जमिनीची कडी फोडून एक युद्धनौका जाईल एवढी वाट काढून ती वरून झाकली. देवाने कातून बंद केलेला आकार त्यांनी आरपार छेदला आणि समुद्र थेट आत घेतला. शेवटी समुद्र सगळेच घेतो. बुडण्याची सुरुवात मी या कालव्यापासून धरतो. हे प्लेटोने स्पष्ट लिहिलेले नाही, हा माझा अर्थ आहे.

सह्याद्रीचा_दगड

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, परंतु मी भूशास्त्राचा माणूस आहे आणि अशा वाचनात खडकाकडे पाठ फिरवली जाते, अशी माझी तक्रार आहे. इ.स.पू. ३७३ मध्ये, म्हणजे प्लेटो हयात असताना, कॉरिंथच्या आखाताकाठचे हेलिकी हे नगर एका रात्रीत भूकंपाने आणि चढलेल्या पाण्याने नष्ट झाले, आणि तेथील मुख्य देवस्थान पोसायडनचेच होते. त्याआधी सुमारे बारा शतके थेरा (आजचे सँटोरिनी) या बेटावरील ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी १९६७ पासून तेथे अक्रोतिरी येथे राखेखालचे नगर उकरून काढले. अटलांटिक महासागरात खंड बुडाल्याची कल्पना निकालात निघाली आहे, याबद्दल वाद नाही. तेथला तळ मधल्या पर्वतरांगेपाशी सतत नव्याने तयार होणाऱ्या बेसॉल्टचा आहे आणि मानवी काळात त्यात खंड गडप होण्यास जागा नाही. १८८२ मध्ये इग्नेशियस डॉनेली यांनी तेथे सर्व संस्कृतींचे माहेर वसवले आणि तो बाजार अजून उठलेला नाही. पण खंड खोटा ठरला म्हणून कथा विश्वोत्पत्तीची ठरत नाही. जमीन खचते आणि पाणी आत येते, हे ग्रीकांनी डोळ्यांनी पाहिले होते. तेवढे कारण मला पुरेसे वाटते.

गंगावेस

दादा, हेलिकीने प्लेटोला बुडण्याचा प्रसंग पुरवला असेल, हे मी मान्य करते. परंतु त्या प्रसंगाआधी कडी, झरे आणि पाच जुळी का आली, हे हेलिकी सांगत नाही.

मूळ प्रश्नासाठी मला तुलना उपयोगी वाटते. ग्रीकांकडे भूमीच्या जन्माच्या खऱ्याखुऱ्या कथा आहेत. ग्रीक कवी पिंडरने इ.स.पू. ४६४ मध्ये डायगोरस या मुष्टियोद्ध्याच्या विजयासाठी रचलेल्या स्तोत्रात ऱ्होड्सची कथा येते. देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हा सूर्यदेव हेलिओस हजर नव्हता, त्यामुळे त्याचा वाटा राहून गेला. झ्यूस पुन्हा वाटणी करायला निघाला, पण समुद्राच्या तळातून एक भूमी वर येताना हेलिओसला दिसली होती. त्याने तीच मागून घेतली. डेलॉस हे बेट समुद्रावर भरकटत होते आणि लेटोने तेथे अपोलोला जन्म दिल्यावर ते स्थिर झाले. आपल्याकडे परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण मोकळे केले. या सगळ्या कथांत, आणि आपण सांगितलेल्या करवीरच्या कथेतही, जमीन हाती येते आणि तेथे राहणारी माणसे तो देव पुजतात. अंबाबाईच्या हातातली गदा आजही गाभाऱ्यात दिसते; ऱ्होड्सचे लोक हेलिओसचा उत्सव करीत आणि डेलॉसला अपोलोची यात्रा भरत असे. अटलांटिसचे असे काय आहे? प्लेटोच्या आधी ही कथा कोणी सांगितलेली नाही, ग्रीसमध्ये तिचे देवस्थान नाही, सण नाही. बैलाचा बळी देऊन स्तंभावरच्या कायद्यांची शपथ घेण्याचा राजांचा विधी प्लेटो तपशिलाने वर्णन करतो, पण तो कथेच्या आतलाच आहे. समाजाने जपलेली कथा या अर्थाने ती उत्पत्तिकथा नाही. एका माणसाने उत्पत्तिकथेच्या साच्यात लिहिलेली आहे, आणि हा फरक बैठकीत अगदी सुरुवातीलाच सांगावा लागेल.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अथेन्ससाठी अथीना आणि पोसायडन यांच्यात स्पर्धा झाली आणि पोसायडन हरला, ही कथा प्रत्येक अथेन्सकराला पाठ होती. ‘क्रिटियास’मध्ये मात्र आवर्जून सांगितले आहे, की देवांनी पृथ्वी चिठ्ठ्या टाकून वाटली, भांडणाचा प्रश्नच नव्हता. भांडण असे नाकारून पुढे त्याच दोन देवांच्या नगरांचे युद्ध सांगायचे, हा प्लेटोचा खट्याळपणा मला फार आवडतो.

विश्वपर अर्थ लावण्याची कल्पना नवी नाही, हेही सांगून ठेवते. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील तत्त्वज्ञ प्रोक्लसने ‘टायमियस’वरील भाष्यात जुनी मते नोंदवली आहेत. क्रँटर हा पहिला भाष्यकार याला सरळ इतिहास मानत होता. ॲमेलियस हा नंतरचा तत्त्वज्ञ अथेन्सला स्थिर तारे आणि अटलांटिसला ग्रह मानत होता. आणि स्वतः प्रोक्लस या युद्धात विश्वात सर्वत्र चालणारा दोन तत्त्वांचा विरोध पाहतो. तारे आणि ग्रह मला ओढूनताणून आणलेले वाटतात.

सह्याद्रीचा_दगड

ताई, ऱ्होड्सच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रपातळीच्या वर उचलल्या गेलेल्या जुन्या किनाऱ्यांच्या खुणा खडकात स्पष्ट दिसतात. भूमी वर येताना सूर्यदेवाला दिसली, हे पिंडरचे म्हणणे मी म्हणूनच सहज उडवून लावणार नाही. एवढेच नोंदवतो.

करवीरवासी

सर्वांचे आभार. लोककथा आणि रचलेली कथा हा गंगावेस ताईंचा फरक मी आधी मांडीन आणि मग लेथच्या मुद्द्याकडे जाईन. हेलिकीचा उल्लेख तर हवाच, नाहीतर आमचे एक निवृत्त अभियंते सदस्य मला बोलू देणार नाहीत. एकच शंका उरते. ‘क्रिटियास’ अपुरा आहे असे वाचले. शेवटच नसेल, तर बुडण्याचा अर्थ कशाच्या आधारावर लावायचा?

जुनी_पोथी

बुडण्याचा उल्लेख ‘टायमियस’मध्ये आणि ‘क्रिटियास’च्या आरंभी आलेला आहे, त्यामुळे तेवढा आधार आहे. ‘क्रिटियास’ जेथे तुटतो ती जागाही आपल्या विषयाला धरूनच आहे. पिढ्यांमागून पिढ्या राजांमधला देवाचा अंश मानवी अंशात मिसळून क्षीण होतो आणि त्यांना हाव सुटते. ते शिक्षेने ताळ्यावर यावेत, म्हणून झ्यूस सर्व देवांना विश्वाच्या मध्यभागी असलेल्या, जन्म पावलेले सर्व काही जेथून दिसते अशा निवासात जमवतो आणि बोलू लागतो. त्याचे बोलणे मात्र लिहिलेले नाही. ‘टायमियस’मध्येही कारागीर आपण घडवलेल्या देवांपुढे भाषण करतो, ते मात्र पूर्ण आहे, आणि त्यात मर्त्य प्राणी घडवण्याचे काम तो त्यांच्यावर सोपवतो. एका भाषणात माणसे घडवायची आज्ञा आहे, दुसरे त्याच माणसांना शिक्षा करण्यासाठी होणार आहे. शिरोली_लेथ यांच्या मध्यबिंदूच्या मुद्द्यालाही यामुळे बळ मिळते, जरी कालव्याबद्दलचा त्यांचा निष्कर्ष मला अजून पटलेला नाही: प्लेटो दोष राजांच्या स्वभावाला देतो, त्यांच्या बांधकामाकडे तो बऱ्याच कौतुकाने पाहतो.

बैठकीत ही दोन भाषणे एकापाठोपाठ वाचून दाखवावीत, त्यांना फार वेळ लागणार नाही. विश्वात्म्याची दोनच्या आणि तीनच्या पटीत विभागणी करणारा ‘टायमियस’मधला गणिती भाग पहिल्या खेपेला सोडून दिला तरी चालेल.