पुरावे तपासायला पेशंट कशाला हवेत?

तिरकी_रेघ (धागाकर्ती)
एखाद्या उपचारावरचे जगभरातले अभ्यास गोळा करायचे, चाळायचे आणि त्यातून एक निष्कर्ष काढून आढावा लिहायचा, हे काम कोक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ पासून करतेय. त्या कामात पेशंटलाही सोबत घेतात. माझं मत: घ्यायलाच हवं.

मला बारा वर्षं आमवात आहे. डॉक्टर सांधे दाबतात, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) बघतात, "छान आहे" म्हणतात. इकडे कणीक मळता मळता मी ओट्याला टेकलेली असते, अंगात त्राणच नसतं. सांधेदुखीवरच्या उपचारांच्या चाचण्यांत काय मोजायचं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. २००२ मध्ये त्यांनी पेशंटांना बैठकीत बसवलं, तेव्हा थकव्याचा विषय निघाला. तोवर तो त्यांच्या मुख्य यादीत नव्हताच. जे मोजलंच नाही ते आढाव्यात येणार कुठून?

अण्णा_गणिती
त्रास खरा आहे, ताई. पण "मला गुण आला" हे बाजूला ठेवायलाच तर ही पद्धत निघाली ना? अमेरिकेत नव्वदच्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी जबर केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट हवं म्हणून पेशंटांनी विमा कंपन्यांना कोर्टात खेचलं. १९९९ मध्ये निकाल आले, तर नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य काही वाढत नव्हतं. फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली चाचणी पुढच्याच वर्षी बनावट निघाली. तोवर हजारो बायकांनी ते सोसलं होतं.

तिरकी_रेघ
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो उपचार काढला डॉक्टरांनी, कमावलं हॉस्पिटलांनी. आणि पेशंटांचीच नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअ‍ॅलिशन १९९५ पासून बायकांना संशोधन वाचायला शिकवतेय, ते?

अण्णा_गणिती
शिकून तयार झालेला पेशंट आमच्यासारखाच बोलायला लागतो. मग त्याला बोलावून मिळवलं काय?

ओपीडीचं_बाकडं
तुम्ही दोघंही टेबलावरच बोलताय. तिथे बसणार कोण? इंग्रजी येणारा आणि दुपारी झूमला वेळ असलेला. मी सरकारी ओपीडीत केसपेपर काढते. पहाटेच्या एसटीने, रोज बुडवून आलेली बाई परवा म्हणाली, "तीनदा नको, एकदाच घ्यायची गोळी द्या. दुपारी मी लोकांच्या रानात असते, पाणी लांब असतं." हिला कुठल्या मीटिंगला बोलावणार?

अण्णा_गणिती
हा मुद्दा मान्य. किती जणींच्या गोळ्या चुकतात हे मोजता येतं. काय मोजायचं ते खुशाल तिला विचारा, निकालाला मात्र हात लावू देऊ नका.

तिरकी_रेघ
निकाल लिहायचे शब्द कोणाचे, अण्णा? मी रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं औषध, घेते. कागदावर "सौम्य मळमळ". सोमवारी मला फोडणीचा वास सहन होत नाही, दोन्ही वेळचं शेजारून येतं. "सौम्य" कोणी ठरवलं?

अण्णा_गणिती
शब्द बदला. आकडा तोच राहील.

ओपीडीचं_बाकडं
राहू दे की. पण आमच्याकडे तो आकडा कोणी वाचत नाही अण्णा, "सौम्य" वाचतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात.