मदत हवी आहे : बरे वाटू लागल्यावर मुलगी लिथियम बंद करू म्हणते आहे

नमस्कार. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला बायपोलर डिसऑर्डर (नैराश्य आणि उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा काळ, असे दोन्ही येणारा आजार) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. सुरुवातीला केवळ नैराश्य दिसत होते. पुढे मात्र जेमतेम झोपूनही ती थकेना, अखंड बोलत राही, एकाच वेळी दहा बेत आखी, आणि हे आठवडाभराहून अधिक चालल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम सुरू केले. आता ती स्थिर आहे, अभ्यास करते, मैत्रिणींत मिसळते. नेमके त्यामुळेच ‘मी बरी आहे, मग गोळ्या कशाला?’ असे ती विचारते. तिच्या हाताला कंप सुटतो, सारखी तहान लागते, वजनही वाढले आहे. त्यामुळे तिची तक्रार मला खोटी वाटत नाही.

औषधाचा निर्णय डॉक्टरच घेतील, परंतु तोवर तिच्याशी बोलायचे कसे? शिवाय तिचा राग किंवा आनंद वयाचा आहे की आजार पुन्हा डोके वर काढतो आहे, हे ओळखायचे कसे? तिच्या प्रत्येक हसण्याकडे मी संशयाने पाहते, हे तिला जाणवते आणि लागते.

प्रतिसाद :

ताई, माझा मुलगाही याच वयापासून लिथियम घेतो आहे, म्हणून लिहिते. गोळ्या एकाएकी थांबवू देऊ नका; तसे केल्यास उन्माद उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. मात्र तिच्या तक्रारी पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, कारण कंप पुष्कळदा मात्रा बदलून कमी होतो, आणि आपले म्हणणे कोणी ऐकले हे दिसल्यावर मुलांचा हट्टही सैल पडतो. रक्तातील लिथियमच्या तपासणीसाठी नमुना शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यावा लागतो. थायरॉईड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही चुकवू नका. जुलाब, उलट्या किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तातील लिथियमची पातळी वाढू शकते. कंप अचानक वाढला, तोल जाऊ लागला किंवा बोलणे अडखळू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ओळखण्याबाबत माझे मत असे, की चेहऱ्यापेक्षा झोपेवर लक्ष ठेवावे. या वयात उशिरापर्यंत जागणारी मुले दुसऱ्या दिवशी पेंगतात. फार कमी झोपूनही मुलगी सलग दोन-तीन दिवस ताजीतवानी दिसली, तर तज्ज्ञांना कळवावे. वयाचा राग बहुधा कशावरून तरी येतो आणि ओसरतो. ती स्थिर असतानाच, कोणती लक्षणे दिसली तर तुम्ही बोलायचे, हे तिलाच लिहायला सांगा. मग तुमचे विचारणे पाळत वाटणार नाही. मरणाची भाषा मात्र या ठरावाच्या बाहेर ठेवा : ती कानावर आली तर थेट विचारा, तिला एकटी सोडू नका आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या. लिथियमचा अतिरिक्त डोस जिवावर बेतू शकतो, म्हणून गोळ्यांचा साठा आजपासूनच कुलपात ठेवा.