सॅम्पलरला 'कित्ता' म्हणावे का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या मुलींच्या शिक्षणावरचा मजकूर मराठीत आणते आहे. त्यात 'सॅम्पलर' पानोपानी येतो. तागाच्या कापडावर मुलीने भरलेली मुळाक्षरे, आकडे, वेलबुट्टी, खाली नाव, वय, साल. 'भरतकामाचा नमुना' म्हटले की शाळा गळून पडते. काय लिहावे?

– कित्ता! बोरूऐवजी सुई, एवढाच फरक.

– शतक कोणते ते आधी सांगा. सतराव्या शतकात ही लांबट अरुंद पट्टी असे, गुंडाळून ठेवायची, टाका विसरला की उलगडून बघायची. शिवणक्लासच्या मुली फाइलीत टाक्यांचे तुकडे चिकटवतात, त्यातलाच प्रकार. तिला 'नमुनापट्टी' शोभेल. शाळकरी मुलीचा म्हणून जो आपण ओळखतो, तो मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला.

– एकोणिसावेच. अनाथाश्रमातल्या मुली आहेत.

– मग कित्ताच. ब्रिस्टलच्या म्युलर अनाथाश्रमातले बघा : लाल दोरा, निरनिराळ्या वळणांची मुळाक्षरे ओळीमागून ओळ. मुली पुढे घरकामाला लागत. धुण्यात अदलाबदल नको म्हणून चादरी-टॉवेलांवर मालकाची आद्याक्षरे आणि क्रमांक फुलीच्या टाक्याने घालावे लागत. आपल्याकडे परीट बिब्ब्याने खूण करी, तेच काम. म्हणजे अक्षरओळख चादरीपुरती.

– हे सरसकट नको, ताई. ससेक्सच्या एलिझाबेथ पार्करचे कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, साधारण १८३० चे. लाल रेशमाने फुलीच्या टाक्यात सलग मजकूर : मोलकरीण असताना मालकाने केलेला छळ, जीव द्यायचा विचार. ना वेलबुट्टी, ना चौकट. सुरुवातच 'मला लिहिता येत नाही म्हणून' अशी, आणि शेवटचे वाक्य अर्ध्यात तुटलेले. एवढे भरणारीला अक्षरे चादरीपुरती येत होती? कित्ता दुसऱ्याचा गिरवायचा असतो. हिने कुणाचा गिरवला?

– पटले. शाळेत करून घेतलेल्यांना 'भरतकित्ता' लिहिते, पार्करच्या कापडाला 'सॅम्पलर'च ठेवते. 'कशिदा' कसा वाटतो?

– कशिदा म्हणजे कामच सगळे, साडीवरचाही कशिदाच. शाळेचा वास त्याला नाही. 'भरतकित्ता' चालेल. अनेकवचन 'भरतकित्ते', आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा.