मदत हवी आहे: नागपूरच्या वर्धा रोडवर बॅटरी उतरली, ट्रकच्या बॅटरीला केबल लावून जम्प घेऊ का?

संत्रानगरी:
गाडी पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी), साडेतीन वर्षांची. बॅटरी शोरूममधून आलेलीच आहे. बुटीबोरीच्या अलीकडे सर्व्हिस रोडला उभी आहे. इंजिन बंद ठेवून ब्लोअर आणि गाणी बराच वेळ चालू होती. आता सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक होतं आणि मीटरचे दिवे मिणमिणतात. शेजारी थांबलेले ट्रकवाले दादा जम्प द्यायला तयार आहेत, केबलही आहे त्यांच्याकडे. घेऊ का? की चार जणांकडून धक्का मारून घेऊ?

दहाचा पाना:
दोन्ही नको. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते तुमच्या गाडीत शिरलं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे) डायोड, म्युझिक सिस्टीम, काय काय जळेल सांगता येत नाही. दोनपैकी एकाच बॅटरीवरून देता येतं हे खरं, पण रस्त्याच्या कडेला, उन्हात, कोणती वायर कुठे गेलीय हे ओळखण्यात एक चूक पुरे. दादांची केबल मात्र मागून घ्या, एखाद्या कारवरून जम्प घेता येईल. ती जाड असते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या केबलला वरून रबर जाड आणि आत तांबं नावालाच, त्यामुळे ती गरम होते आणि सेल्फ फिरत नाही.

एएमटीला धक्का स्टार्ट चालत नाही. क्लच तुमच्या पायात नसून ॲक्च्युएटरकडे (क्लच दाबणाऱ्या यंत्राकडे) आहे आणि त्याला वीज लागते. मॅन्युअल गाडी असती तर इग्निशन ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. पण दिवेसुद्धा लागत नसतील इतकी बॅटरी संपली असेल तर पेट्रोल पंप आणि इंजेक्टरला वीजच नसते. मग कितीही ढकला, फक्त घाम निघेल.

आधी बॉनेट उघडा. दोन्ही टर्मिनलचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा. हाताने फिरला तर तो सैल आहे. १० चा पाना लावून आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते.

संत्रानगरी:
मायनसवर पांढरी-हिरवी पूड होती. खरवडली, क्लॅम्प आवळला. तरी टक-टकच. एक कार थांबली आहे.

स्पार्कप्लग:
मग बॅटरीच उतरली आहे. बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जम्प देऊच नका, टो करा. तसं काही नसेल तर गाड्या एकमेकींना चिकटू न देता जवळ घ्या, दोन्ही बंद करा, तुमचा एसी, लाईट, चार्जर सगळं काढा.

लाल चिमटा आधी तुमच्या प्लसला, दुसरा लाल त्यांच्या प्लसला. काळा त्यांच्या मायनसला. शेवटचा काळा तुमच्या बॅटरीच्या मायनसला नाही, इंजिनच्या रंग नसलेल्या जाड धातूला किंवा लिफ्टिंग हुकला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि उतरलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून ती बॅटरीपासून लांब. प्लस-मायनस उलटं झालं तर निदान मोठा फ्यूज जातो, तेव्हा खुणा पुसून वाचा. लाल झाकणावर विसंबू नका.

त्यांचं इंजिन चालू करून पाचेक मिनिटं हलका ॲक्सिलरेटर ठेवायला सांगा. मग ब्रेक दाबून, गिअर न्यूट्रलला ठेवून तुमचा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर थांबा. तीनदा मारूनही काही नाही तर चिमटे हलवून पकड बदला. तुमचा चिमटा पुडीवर बसला असण्याचीच शक्यता जास्त. चालू झाली की केबल उलट क्रमाने काढा, आणि सुटे चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

कार निघून गेली तर १०३३ ला फोन करा. बुटीबोरी राष्ट्रीय महामार्गावर आहे, तिथे ती हेल्पलाइन चालते.

संत्रानगरी:
दुसऱ्या प्रयत्नात चालू झाली भाऊ! घरी मनीषनगरला जाऊन लावून देऊ? अर्ध्या तासात भरेल ना बॅटरी?

दहाचा पाना:
भरत नाही. अल्टरनेटर बॅटरी टिकवायला असतो, रिकामी भरायला नाही, आणि भर मे महिन्यात एसी, पंखा, रेडिएटर फॅन त्याच्याच जिवावर. वाटेत कुठे बंद करू नका, थेट बॅटरीवाल्याकडे न्या.

तिथे मीटर लावून तीन आकडे बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. काही नव्या गाड्यांत ते थोडे खालीवर होतात, पण सतत १३ च्या खाली असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, बेल्ट किंवा अल्टरनेटर बघा. गाडी काही तास बंद राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळली तर आतून गेली.

नुसती उतरली असेल तर चार्जिंगला ठेवा. ३५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला साडेतीन अँपिअरने रात्रभर. तासाभरात फास्ट चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, प्लेटा तापतात.

स्पार्कप्लग:
माझा अंदाज, गेलीच असेल. आपल्याकडे बॅटरी उन्हाने मरते. बॉनेटखाली आधीच भट्टी, वर नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), आतलं पाणी उडतं, प्लसच्या प्लेटची जाळी गंजते. साडेतीन वर्षं म्हणजे नागपुरात तिनं नोकरी केली. ब्लोअरने फक्त उघडकीस आणलं.

नवी घेताना जुनी परत द्या, किमतीत सूट मिळते. बॅटरीवरच्या कोडमधलं शेवटचं एल किंवा आर जुन्याशी जुळवा, नाहीतर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही. गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर ईएफबी, म्हणजे त्यासाठीच बनवलेली दणकट बॅटरी घ्या, साधी फार टिकत नाही. आणि बॅटरी सोडल्यावर काही एएमटींना क्लच पुन्हा शिकवावा लागतो. गिअर झटके देत पडायला लागले तर घाबरू नका, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून होतं.

संत्रानगरी:
झाकणं उघडणारी बॅटरी आहे. पाणी कमी दिसलं तर ॲसिड टाकायचं?

दहाचा पाना:
ॲसिड कधीच नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटांच्या वर साधारण सेंटिमीटरभर, आणि चार्जिंग झाल्यावर. आधी तोंडोतोंड भरलं तर चार्ज होताना उकळून बाहेर येतं, आणि तीच पांढरी पूड परत.